सार्वजनिक सुट्टी आणि जोडून घेतलेली रजा : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की नोकरदार मनुष्य ती प्रथम राशिभविष्यासाठी उघडत नाही. तांबड्या अंकांखालचे वार पाहण्यासाठी उघडतो. सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी आली असेल तर ती 'लागून आली', मंगळवारी अथवा गुरुवारी आली असेल तर 'एक रजा टाकावी लागेल' आणि रविवारी आली असेल तर ती 'बुडाली', अशी या वाचनाची परिभाषा आहे. बुडणे हा शब्द मराठीत कर्जासाठी, व्याजासाठी, मजुरीसाठी वापरला जातो. सुट्टीसाठीही तोच वापरला जावा हे सहज घडलेले नाही. सुट्टीकडे मिळकत म्हणून पाहण्याची दृष्टी त्यामागे आहे.

श्रमाच्या इतिहासात कामाचे तास, वेतन आणि संप यांना जे स्थान मिळाले, ते सुट्टीच्या नियोजनाला मिळालेले नाही. सुट्टी जोडणे ही कामचुकारपणाची किंवा फार तर चातुर्याची बाब मानली जाते. परंतु सार्वजनिक सुट्टीचा कायदा, साप्ताहिक सुट्टीचा लढा आणि रजेचे नियम यांचा क्रमाने विचार केला असता असे दिसते की, सुट्टी किती दिवसांची यापेक्षा ती कोणाला आणि किती आधी कळते, हाच या इतिहासातील खरा वादाचा मुद्दा राहिला आहे. ज्याला ती आधी कळते आणि कळूनही ज्याचे उत्पन्न कमी होत नाही, तोच ती जोडू शकतो. प्रस्तुत लेखात या अंगाने महाराष्ट्रातील स्थितीचा मागोवा घेतला असून आवश्यक तेथेच परदेशातील उदाहरणे दिली आहेत.

सुट्टीचे मूळ : देण्याघेण्याचा कायदा

भारतात सार्वजनिक सुट्टी ज्या कायद्याखाली जाहीर होते तो सण-उत्सवांचा कायदा नाही, कामगारांचाही नाही. तो परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा आहे. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश यांचे नियमन करणारा. आज सामान्य माणसाला तो मुख्यतः न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यांमुळे ठाऊक असतो. याच कायद्याच्या २५व्या कलमात सार्वजनिक सुट्टीचा उल्लेख येतो आणि तोही एका व्यावहारिक अडचणीच्या निमित्ताने. एखाद्या वचनचिठ्ठीची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी पेढ्या बंद असतील तर रक्कम केव्हा द्यावयाची? कायद्याचे उत्तर असे की, त्याच्या लगत आधीच्या कामकाजाच्या दिवशी. म्हणजे सुट्टीमुळे ऋणकोला एक दिवस अधिक मिळत नाही, उलट एक दिवस कमी होतो. अशा व्यवस्थेत सुट्टीचा दिवस कोणता हे सर्व संबंधितांना आधीच ठाऊक असणे अपरिहार्य होते. राजपत्रात सुट्ट्या अगोदर प्रसिद्ध करण्याच्या प्रथेमागे ही गरज आहे. विश्रांतीचा विचार त्यात नव्हता. व्यापाऱ्याची तारीख चुकू नये एवढाच हेतू होता.

या कायद्याच्या मूळ रूपात रविवार, इंग्रजी वर्षारंभाचा दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे एवढीच नावे होती. इतर दिवस सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर करावयाचे होते. वर्षारंभ किंवा नाताळ रविवारी आल्यास पुढचा सोमवार सुट्टीचा मानावा, अशीही तरतूद होती. म्हणजे सुट्टी 'बुडू' न देण्याचा विचार या देशाच्या कायद्यात १८८१ मध्येच होता, मात्र तो राज्यकर्त्यांच्या दोन दिवसांपुरता. स्वातंत्र्यानंतरच्या दुरुस्तीत ही ख्रिस्ती नावे वगळली गेली आणि रविवार व सरकारने जाहीर केलेले दिवस एवढीच व्याख्या उरली. समतेच्या दृष्टीने ही दुरुस्ती योग्यच होती; पण तिच्याबरोबर सोमवारची ती तरतूदही गेली. ती सर्व सुट्ट्यांना लागू करण्याचा पर्याय खुला होता, तो स्वीकारला गेला नाही. आज १५ ऑगस्ट रविवारी आला तर सोमवारी कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघडतात.

कायद्याच्या पहिल्याच कलमात आणखी एक लक्षणीय तरतूद आहे. देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक प्रथांना हा कायदा बाधक नाही, असे तेथे म्हटले आहे. हुंडीचा व्यवहार करणारा सराफ आपल्या पेठेच्या रिवाजाने चालत राहिला. गवंडी-सुतारांची अवजारे अमावास्येला विसावत, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू येत नसे, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर असत. कालगणनेच्या या जुन्या पद्धतीत सुट्टी जाहीर करावी लागत नव्हती, ती पंचांगातच होती. नव्या कायद्याने या सुट्ट्या रद्द केल्या नाहीत. त्याने केवळ कचेरी, पेढी आणि न्यायालय यांच्यासाठी दुसरे पंचांग सुरू केले.

इंग्लंडमध्ये याच्या दहा वर्षे आधी, १८७१ मध्ये, सर जॉन लबक यांच्या पुढाकाराने बँक सुट्ट्यांचा कायदा झाला होता. इंग्लंडसाठी त्याने ठरविलेल्या चार दिवसांपैकी तीन सोमवार होते. तेथे सुट्टी जन्मतःच रविवारला जोडलेली आली. लोकांनी त्यांपैकी ऑगस्टमधील सोमवाराला संतांच्या यादीत लबकचे नाव घालून विनोदाने 'सेंट लबकचा दिवस' म्हणण्यास सुरुवात केली. आपल्याकडील सुट्ट्या तिथी आणि तारखांना बांधलेल्या असल्याने त्यांना हे भाग्य लाभले नाही. जोडण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे राहिले.

गिरणीतला रविवार

व्यापाऱ्याच्या सोयीची सुट्टी कायद्याने आली, त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांतील कामगाराला ठरलेली सुट्टी नव्हती. दिवाळी, होळी अशा मोठ्या सणांना गिरण्या बंद राहत. परंतु नेमक्या वारी मिळणारा विसावा नसे आणि रविवारी यंत्रे साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त बालकामगारांना. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. सत्यशोधक विचारांचे आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील मागण्यांमध्ये रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, या मागण्या होत्या. लोखंडे यांच्या स्मरणात केवळ 'रविवारच्या सुट्टीचे जनक' एवढेच उरते, हे अपुरे आहे. या मागण्या एकत्र वाचल्या तर त्यांचे सूत्र निश्चितीचे आहे असे दिसते : काम केव्हा संपणार, पगार केव्हा होणार, सुट्टी केव्हा असणार, हे कामगाराला आधी कळले पाहिजे. अर्ध्या दिवसाची, मुकादमाच्या मर्जीची, यंत्र पुसून उरलेली सुट्टी ही सुट्टी नव्हे, असा त्याचा अर्थ. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या कारखाना कायद्याने तिला वैधानिक रूप दिले. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो बहुजन समाजाला परका वाटला नाही, हे कारणही नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही. तथापि मागणीचा भार वारावर नव्हता, ठरलेपणावर होता.

आठवड्यातील एक दिवस मिळाला, पण कोकणातला कामगार त्यात गावी जाऊन परत येऊ शकत नव्हता. गणपती, शिमगा आणि भातकापणी यांसाठी त्याला आठवड्यांची सवड हवी असे. सलग रजा मिळण्याची सोय नसल्याने तो खाडे करून जाई. परत आल्यावर त्याच्या साच्यावर दुसराच कोणी उभा असे आणि पुन्हा काम मिळविण्यासाठी जॉबरची मनधरणी करावी लागे. गिरणगावातील बदली पद्धतीची वाढ केवळ सणांच्या गैरहजेरीमुळे झाली असे म्हणता येणार नाही, परंतु तिला या गैरहजेरीने खतपाणी घातले यात शंका नाही. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने या गावाकडच्या ओढीचा निषेध केला नाही, ही त्याच्या अहवालातील उल्लेखनीय बाब आहे. हा संबंध तोडू नये, उलट कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावे आणि परतल्यावर जुने काम मिळण्याची हमी द्यावी, असे आयोगाचे मत होते. म्हणजे खाड्याचे रजेत रूपांतर करावे. दोहोंत दिवस तेवढेच जातात. फरक पडतो तो आधी सांगून जाण्याचा आणि परत येण्याच्या खात्रीचा.

पगारी रजा प्रत्यक्षात आली ती १९४५च्या दुरुस्तीने. केंद्र सरकारच्या श्रम खात्याची धुरा त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. बारा महिने काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवसांची पगारी सुट्टी देणाऱ्या या दुरुस्तीतील 'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे १९४८च्या कारखाना अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली आणि ७९व्या कलमात असे स्पष्ट केले की, रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजावयाच्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत हे कलम अस्तित्वात होते. सुट्टी जोडून घेणे ही पळवाट आहे असे समजणाऱ्यांनी ते एकदा वाचावयास हवे होते. कायदा करणाऱ्यांनी जोडणीची शक्यता गृहीत धरली होती आणि तिचा लाभ कामगाराच्या पदरात टाकला होता.

कचेरीतील रजेचे शास्त्र

सरकारी कचेरीत हा विषय अधिक सूक्ष्म झाला. केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, १९७२ मधील २२वा नियम रजेच्या आधी आणि नंतर सुट्टी जोडण्याविषयी आहे. रजा सुरू होण्याच्या लगत आधीचा किंवा ती संपल्यानंतरचा दिवस सुट्टीचा असेल तर तो जोडण्यास अनुमती आहे असे समजावे, असा त्याचा आशय. मात्र त्याला अटी आहेत आणि त्या अटींतून जुन्या कचेरीचे चित्र उभे राहते. ज्याच्या जाण्यामुळे रोख रक्कम किंवा रोखे दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे लागतात, त्याला ही जोडणी आपोआप मिळत नाही. खजिन्याच्या किल्ल्या सुट्टीच्या दिवशी कोणाच्या खिशात आहेत, हा प्रश्न लेखनिकाच्या बाबतीत उद्भवत नाही, खजिनदाराच्या बाबतीत उद्भवतो. येथेही १८८१च्या कायद्याप्रमाणे पैसा हाच निकष.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांच्याशी आपल्या वाचकांचा परिचय असल्याने त्यांचा तपशील येथे देत नाही. एक गोष्ट मात्र नोंदविण्यासारखी आहे. आपण सर्वाधिक वापरतो ती नैमित्तिक रजा शास्त्रार्थाने रजाच नव्हे. ती घेणारा कर्तव्यावर आहे असे मानले जाते. त्यामुळे तिच्या मध्ये येणारा रविवार किंवा सण रजेत धरला जात नाही. याउलट अर्जित रजेच्या मध्ये आलेली सुट्टी त्या रजेत गिळली जाते. टोकाला आलेली तेवढी वाचते. कोणती रजा कोठे ठेवावयाची याचे जे ज्ञान प्रत्येक कचेरीत एखाद्या ज्येष्ठ लिपिकापाशी असते, ते याच भेदावर उभे आहे. खाजगी कंपन्यांनी मधल्या सुट्ट्याही रजेत मोजण्याच्या प्रथेला 'सँडविच' असे खाद्यनाम दिले आहे.

१९५६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना मूळ गावी जाण्यासाठी प्रवाससवलत मिळू लागली. म्हणजे रजा जोडून दूर जाणे हे सरकारने केवळ सहन केले नाही, त्यासाठी भाडेही दिले. १९८५ मध्ये केंद्रीय कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. महाराष्ट्र शासनाने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून स्वीकारला आणि त्या बदल्यात रोजच्या कामाची वेळ वाढविली. तोवर राज्यात दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे. बँकांना हे दोन शनिवार सप्टेंबर २०१५ पासून मिळाले. शनिवार मोकळा झाल्याबरोबर शुक्रवार आणि सोमवार यांचे मोल एकदम वाढले. पाच दिवसांच्या आठवड्यात सोमवारची सुट्टी तीन दिवस देते, सहा दिवसांच्या आठवड्यात दोनच. शिक्षणसंस्थांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला नाही, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

वारांचे गणित

आपल्या सुट्ट्यांचे तीन प्रकार पडतात. काही इंग्रजी तारखेला बांधलेल्या, काही तिथीला, तर काही चंद्रदर्शनाला. तिथीचे सण दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मासाने पुन्हा पुढे ढकलले जातात; मुस्लिम सणांना अधिक मास नसल्याने ते साऱ्या ऋतूंतून फिरतात. या तिन्ही प्रकारांचा एकाच पानावर मेळ घालण्याचे काम घरोघरच्या भिंतीवरील दिनदर्शिका करते. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'चे यश पंचांगाच्या सुलभीकरणात आहे असे म्हटले जाते. नोकरदाराच्या रजेचे नियोजन हेही त्याचे एक कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शासनाच्या सुट्ट्यांच्या अधिसूचनेतही इंग्रजी तारखेशेजारी भारतीय सौर दिनांक छापलेला असतो, पण तो पाहून कोणी आरक्षण केल्याचे ऐकिवात नाही.

तारखेच्या सुट्ट्यांत एक मौज आहे. १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तीन दिवस कोणत्याही वर्षी एकाच वारी येतात, कारण त्यांतील अंतर अनुक्रमे १५४ आणि ८४ दिवसांचे, म्हणजे सातच्या पटीतील आहे. १५ ऑगस्ट त्यांच्या पुढच्या वारी येतो आणि १४ एप्रिल त्या वाराच्या तीन वार आधी. त्यामुळे महाराष्ट्र दिन कोणत्या वारी आहे एवढे कळले की वर्षाच्या उरलेल्या भागाचे भविष्य सांगता येते. २०२२ मध्ये १ मे रविवारी होता. त्यामुळे गांधी जयंती आणि नाताळही रविवारीच आले आणि एका फटक्यात तीन सुट्ट्या बुडाल्या. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, तिन्ही सोमवारी आल्या, डॉ. आंबेडकर जयंती शुक्रवारी आली आणि स्वातंत्र्यदिन मंगळवारी. केवळ या सुट्ट्यांच्या बळावर मंत्रालयातील कर्मचाऱ्याला त्या वर्षी एकही रजा न टाकता चार वेळा सलग किमान तीन दिवस मिळाले आणि १४ ऑगस्टची एक नैमित्तिक रजा टाकून किमान चार दिवस. शासनाचे धोरण दोन्ही वर्षी तेच होते, अधिसूचनेतील नावे तीच होती.

या नशिबाच्या खेळात हस्तक्षेप करावयाचा की नाही, याचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले. अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून वॉशिंग्टनचा जन्मदिन, हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि माजी सैनिकांचा दिवस १९७१ पासून सोमवारी नेले. त्यांपैकी सैनिकांचा दिवस लोकांना रुचला नाही. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबरला थांबले, सोयीच्या सोमवारी नव्हे. १९७८ पासून तो पुन्हा मूळ तारखेला आला. जपानने १९७३ मध्ये रविवारी येणाऱ्या राष्ट्रीय सुट्टीसाठी सोमवारची बदली सुट्टी दिली, १९८५ मध्ये दोन सुट्ट्यांच्या कात्रीत सापडलेला कामाचा दिवसही सुट्टीचा केला आणि २००० पासून काही सुट्ट्या कायमच्या सोमवारी नेल्या. आपण जी नैमित्तिक रजा टाकतो ती तेथे काही प्रसंगी सरकारच टाकते. आपल्याकडे हे अनुकरण जसेच्या तसे शक्य नाही. तिथी सोमवारी ढकलता येत नाही आणि जयंतीच्या तारखेचा प्रश्न किती नाजूक असतो हे शिवजयंतीच्या तिथी-तारखेच्या दीर्घ वादाने महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. रविवारी आलेल्या सुट्टीची बदली देणे मात्र शक्य होते आणि आहे.

आयत्या वेळी मिळणारी सुट्टी

यादीतील सुट्टी आणि आयत्या वेळी जाहीर होणारी सुट्टी यांचे कायदेशीर रूप एकच, पण सामाजिक परिणाम फार भिन्न असतो. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर ७ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यात सुट्टी जाहीर झाली ती दुखवट्याची. तिचे नियोजन संभवतच नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद हे दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुस्लिम समाजातील संस्थांनी मिरवणूक समंजसपणे दुसऱ्या दिवशी नेली आणि शासनाने २९ सप्टेंबरला सुट्टी दिली. ३० रोजी शनिवार, नंतर रविवार आणि २ ऑक्टोबर सोमवार. शांततेच्या हेतूने घेतलेल्या निर्णयातून चार दिवसांची सलग सुट्टी निर्माण झाली. तिचा लाभ ज्यांच्या दाराशी वाहन होते त्यांना झाला. कोकणात रेल्वेने जाणाऱ्याला तो होणे कठीण, कारण आगाऊ आरक्षणाची मुदत तेव्हा १२० दिवसांची होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. चाकरमान्याचा गणपती पंचांगात ठरतो, पण त्याचे गावी जाणे आरक्षणाची खिडकी उघडण्याच्या त्या एका सकाळी ठरते.

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त राज्य शासनाने दिलेल्या सुट्टीला कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविणाऱ्या १९६८ च्या केंद्रीय अधिसूचनेवरही त्यांचा आक्षेप होता. न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्याच्या दोन वर्षे आधी, दादरा व नगर हवेलीतील २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी बंद झाल्यावरून आलेल्या प्रकरणात, याच न्यायालयाने सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत अधिकार नाही असे म्हटले होते आणि सुट्ट्या आधीच पुष्कळ आहेत अशी पुस्तीही जोडली होती. दोन्ही निर्णयांचा एकत्रित अर्थ असा होतो की सुट्टी देणे आणि काढून घेणे हा शासनाच्या धोरणाचा भाग आहे. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने महापुरुषांच्या नावे असलेल्या १५ सुट्ट्या एका निर्णयाने रद्द केल्या, तेव्हा त्याचा प्रत्यय आला होता.

महाविद्यालय आणि तासिका

महाविद्यालयीन अध्यापकाचे स्थान या इतिहासात विलक्षण आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने महाविद्यालयांत वर्षाला ३६ आठवडे, म्हणजे सुमारे २१६ दिवस अध्यापन व्हावे आणि किरकोळ सुट्ट्या दहाच्या आसपास आणाव्यात असे सुचविले होते. तेवढे कधी साधले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत किमान १८० दिवसांचे प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षिले आहे आणि तेही सहा दिवसांचा आठवडा धरून. दीर्घ सुट्टी असल्याने अध्यापकाला अर्जित रजा नाममात्र मिळते. शनिवार त्याचा कामाचा. शिवाय २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी सकाळी ध्वजवंदनास उपस्थित राहावयाचे असते. दिनदर्शिकेत ज्या राष्ट्रीय सुट्ट्या सर्वांत ठळक छापलेल्या असतात, त्याच आपल्याला जोडता येत नाहीत. याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण मंत्रालयातील कर्मचाऱ्याच्या आणि अध्यापकाच्या सुट्ट्यांची तुलना करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

तथापि अध्यापक-कक्षात त्याच टेबलाशी बसणारा तासिका तत्त्वावरील सहकारी पाहिला की हा सारा हिशेब उलटा होतो. त्याचे मानधन घेतलेल्या तासिकांवर असते. सुट्टी म्हणजे न झालेली तासिका आणि न झालेली तासिका म्हणजे न मिळालेले पैसे. २ ऑक्टोबर २०२३ चा सोमवार नियमित अध्यापकाला पगारी होता, त्याला नव्हता. दुखवट्याच्या सुट्टीचा, अतिवृष्टीच्या इशाऱ्याने दिलेल्या सुट्टीचा, निवडणुकीच्या मतदानाच्या सुट्टीचाही अर्थ त्याच्यापुरता एकच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने महाराष्ट्रातील दुकानात काम करणाऱ्या कामगाराला वर्षात आठ पगारी सणांच्या सुट्ट्या दिल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि परस्परसंमतीने ठरणाऱ्या आणखी चार. पीएच्.डी. झालेल्या तासिका अध्यापकाला एवढीही हमी नाही. त्याच्या स्थितीचे जवळचे साम्य शोधावयाचे तर ते घरकाम करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा १८८४ च्या निवेदनावर सही करणाऱ्या माणसाशी आहे, ज्याच्या भाषेत सुट्टी आणि खाडा यांत भेद नसतो.

काही महाविद्यालयांत बुडालेल्या तासिका नंतर जादा घेऊ देऊन ही हानी अंशतः भरून काढली जाते; ती प्राचार्यांच्या आणि विभागप्रमुखांच्या सद्भावनेवर अवलंबून असते. वेळापत्रक जूनमध्ये तयार होते. त्या वेळी चालू वर्षाची सुट्ट्यांची अधिसूचना हाताशी असते, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या कोणत्या वारी किती सुट्ट्या पडणार हे नेमके मोजता येते. २०२६ मध्ये गांधी जयंती आणि नाताळ शुक्रवारी आहेत, गणेश चतुर्थी सोमवारी आणि स्वातंत्र्यदिन शनिवारी. ज्याच्या तासिका सोमवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवसांत अधिक घातल्या जातील, त्याचे मानधन मंगळवार ते गुरुवार शिकविणाऱ्यापेक्षा सत्राअखेर कमी भरेल. वेळापत्रक समितीच्या बैठकीत प्रयोगशाळा, वर्गखोल्या आणि ज्येष्ठ प्राध्यापकांच्या सोयीचे वार यांची चर्चा होते. या हिशेबाचा कागद तेथे अद्याप मांडला जात नाही.